टिकली

कोर्टाच्या भिंतीलगत माझं टेबल,
प्रिंटर, आणि कॅमेऱ्यावर टिकली लावलेला लॅपटॉप.
पक्षकार हसतात. हसू देत.

ओजसनं पेनड्राइव्ह दिलाय:
"मावशी, ही सिस्टिम कुणाच्या बापाची नाही.
आतलं सगळं उघडं, म्हणून तर पक्की."
उघडं ते पक्कं,
हे कुठल्या कुलूपवाल्यानं सांगितलं तुला?

लावून पाहिली. माझा जुना फॉन्ट तिला कळेना.
एकोणीस वर्षांची प्रतिज्ञापत्रं
नुसता इंग्रजी अक्षरांचा पाचोळा.
प्रिंटरनं तर ओळखच दाखवली नाही.
काढला पेनड्राइव्ह, पर्समध्ये टाकला.

मग मंगळवारी गांगुर्डेबाई आल्या.
नवऱ्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, सातपूरला.
खालच्या आवाजात मजकूर सांगितला,
उठताना विचारलं,
"हे ह्यातच राहील ना?"
मी हो म्हणाले.
स्टॅम्पपेपरशिवाय घेतलेली पहिली शपथ,
खरी की खोटी, मलाच ठाऊक नाही.

सहा वाजलेत. सीबीएसवर त्र्यंबकच्या गाडीचा पुकारा.
पेनड्राइव्ह परत लावलाय.
नव्या कीबोर्डवर पहिला शब्द: गांगुर्डे.
रफार अजून सापडत नाहीये.