दीड स्टॉप वर

चोपड्याला, एस.टी. स्टँडसमोर माझा स्टुडिओ.
बावीस वर्षं.
हनुवटी खाली. कान दिसू द्या. हसू नका.
निम्म्या तालुक्याचे बारावीचे फॉर्म
या स्टुलावरून गेले.

आता मांडवातलं शेंबडं पोरही
नवरीचा फोटो माझ्याआधी काढतं,
म्हणून भरले बाराशे रुपये. तीन रविवार.
शिकवायला यावलचे तडवी सर,
जागा भंगाळे शेटची जिनिंग.

पहिल्या दिवशी सरांनी रुईच्या ढिगासमोर उभं केलं.
काढा म्हणाले. काढला.
ढीग राखेचा आला. अकरा जणांचे अकरा
राखेचे ढीग.
सर म्हणाले, कॅमेऱ्याला पांढरं ठाऊकच नाही.
भिंतीचा चुना असो की म्हातारीचे केस,
तो सगळ्याचं करडं करतो.
पांढऱ्याला पांढरं ठेवायचं
तर त्याचं ऐकू नका. दीड स्टॉप वर जा.
चाक फिरवलं. रुई फुलली.
आणि मला आठवत राहिले
मी करडे करून दिलेले सदरे,
इस्त्री करून, खास फोटोसाठी घालून आलेले.

दुपारी पऱ्हाट्यांवर वांगी भाजली,
कळण्याची भाकरी, भरीत.
बोटं तेलकट, म्हणून तासभर
कुणी कॅमेऱ्याला हात लावला नाही.
त्या तासात उजेड फार चांगला होता.

दुसऱ्या रविवारी तापी.
नाव, नावाडी, मावळता सूर्य.
क्षितिज सरळ, सूर्य चौकटीच्या तिसऱ्या भागात,
सगळं सांगितल्याप्रमाणे.
संध्याकाळी सरांनी भिंतीवर अकरा सूर्य लावले,
विचारलं, वारके, यातला तुमचा कोणता?
मी बोट दाखवलं.
तो मीनाक्षी बोंडेचा निघाला.
हसले सगळे. मीही हसलो,
पण घरी जाताना गाडी
दोनदा बंद पडली हातून.

आठवडाभर हिंडलो.
केळीचे घड, सातपुड्याची निळी कड,
बैलबाजार.
बाजारात बांगड्या विकणारी म्हणाली,
"काय देखी ऱ्हायना भाऊ?"
मला सांगता येईना.

शनिवारी रात्री दुकान बंद करताना
ट्यूब लुकलुकली, आणि
स्टुलामागचा पडदा दिसला.
रोज दिसतो तो. तसा नाही.
डोक्यांचे डाग. खोबरेल, जाई, मोहरी.
खाली, कमरेएवढ्या उंचीवर बालवाडी,
त्यावर दाट पट्टा कॉलेजचा,
सगळ्यात वर पोलीस भरतीची पोरं.
एका जागी दोन डाग शेजारी,
मध्ये वीतभर कोरं.
जोडप्यांना मी नेहमी म्हणायचो,
अजून जवळ या.

दीड स्टॉप वर गेलो. डाग धुऊन निघाले,
पडदा नवाकोरा.
एक क्लिक मागे. अजून एक.
आणखी एक. थांबलो.
हा आकडा सरांनी सांगितलेला नव्हता.

भिंतीवर तो लागला तेव्हा
सर बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग भंगाळे शेट उठले,
पाठमोरे होऊन उंची लावून बघू लागले:
सत्त्याण्णव साली, ट्रॅक्टरच्या लोनसाठी,
हा माझा असेल बहुतेक.
मीनाक्षीने विचारलं, तुमचा कुठला?
माझा नाही त्यात.

बायको म्हणते, सोड्यात भिजव, निघतील.
पडदा गुंडाळून कपाटावर ठेवलाय.
सध्या गिऱ्हाइकाला भिंतीसमोर बसवतो,
चुन्याच्या.
हनुवटी खाली, म्हणतो.
कान दिसू द्या.
पुढचं वाक्य
कधी म्हणतो, कधी राहून जातं.