आखरावरची मोजणी

पशुगणनेचा टॅब घेऊन आखरावर पोचले
तेव्हा ढोरं निघायच्या बेतात होती.
जात, लिंग, वय, दुभती की भाकड,
रकाने सगळे तयार.
झिबल नेहारे म्हणाले, "बाई, जराशा बाजूले व्हा.
तुमी तिच्या नाकासमोर उभ्या हाव.
तेथं तिले काई दिसत नाई."

मी बाजूला झाले.
कबरीनं मान न वळवता मला पाहिलं
आणि त्याच वेळी पलीकडची बोडी, बोडीवरचा बगळा,
माझी स्टँडवर कललेली स्कूटी,
तनशीच्या ढिगामागून येणारं पोरगं.
डाव्या डोळ्यात एक गाव, उजव्यात दुसरं.
आणि अगदी पुढ्यात, जिथे आपण
हवं ते सगळं मांडून ठेवतो,
तिथे तिच्याकडे फक्त वास.

"वय?"
"बोडी फुटली त्या सालची."
टॅबला बोडी कळेना. मी अंदाजे नऊ टाकले.

ढोरं निघाली. मोजायची राहिलेली म्हणून मीही.
नव्या सिमेंट रस्त्यावर विजेच्या खांबाची सावली
आडवी पडलेली. कबरी थांबली.
तिच्यामागे एकवीस जण थांबले.
"तिले वाटते, नाली खंदली हाय."
बुढ्यानं सावलीवर दोन मुठी तनस पसरली,
न रागावता, देवळापुढे चप्पल काढावी तसं.
कबरीनं तनस हुंगली, ओलांडली.
मी हसले. मग आठवलं,
जिल्हा परिषदेच्या चकचकीत फरशीवर
पहिल्या दिवशी मीही पाय आखडला होता,
तिच्यात माझाच चेहरा खोल दिसला म्हणून.
तिथे तनस टाकायला कोणी नव्हतं.

म्हशीच्या पाठीवर कोतवाल बसलेला.
खुरांपुढे नाकतोडे उडत होते, साळुंक्या टिपत होत्या.
एकाएकी शिकऱ्याची आरोळी.
साळुंक्या फुर्र, तोंडातला घास खाली,
आणि कोतवाल शांतपणे तो घास उचलायला.
शिकरा कुठेच नव्हता. आरोळी त्याचीच.
"रोज फसतात ह्या?"
"रोज."
"मग शिकत कशा नाहीत?"
बुढ्यानं खर्रा गालात सरकवला.
"बाई, एखाद दिवशी खरा शिकरा येते नं.
त्या दिवसासाठी फसतात."

पुढे ऐनाचं झाड. पाऊलवाट सरळ त्याच्याखालून.
पण ढोरं वाट सोडून उजवीकडे वळली,
काटेरी चिल्हाटीतून, अंग ओरबाडून घेत,
आणि पलीकडे पुन्हा वाटेला लागली.
मी बघितलं. झाडाखाली काही नव्हतं.
चांगलं हिरवं गवत, कोणी न खाल्लेलं.

"चार वर्सं झाली. वाघानं कबरीचं वासरू नेलं तेथून."
"म्हणजे तिला आठवतं."
तो बराच वेळ बोलला नाही.
"आठवते का, वास येते का, का नुसती सवय पडली,
मले का मालूम. मी काई तिच्या डोस्क्यात राहत नाई.
ती वळसा घालते, येवढं मी पाहतो.
अन् हे गोऱ्हे पाहा,
हे तवा जल्मलेबी नोते. हेबी घालतात."
मग जरा थांबून, हळूच:
"मीबी घालतो."

टॅबवर शेवटी एक रकाना होता, शेरा.
मी बोट ठेवलं. कर्सर लुकलुकला.
बावीस जनावरं, एक माणूस,
एक जागा, जी नकाशात नाही
आणि नेहमी उजव्या हाताने टाळायची असते.
मी "निरंक" लिहिलं.

घंटांचा आवाज रानात बुडाल्यावर
मी एकटीच झाडाखाली गेले,
आधी आजूबाजूला पाहून.
गुडघे टेकले. नाक मातीला लावलं.
माती. गवत. माझ्याच हाताचा
सॅनिटायझरचा वास.
आणखी जोरात श्वास घेतला.
शिंक आली.

उठले तर मागे बुढ्याचं कुत्रं.
कधी परतलं होतं कोण जाणे.
मी जिथे गुडघे टेकले होते तिथे त्यानं नाक ठेवलं,
थोडं सरकवलं, पुन्हा तिथेच आणलं.
मला तिथे जे सापडलं नाही
त्यात आता मीही होते,
आणि कुत्रं ते सावकाश वाचत राहिलं,
एकदाही माझ्याकडे न बघता.