सोडलेली

सोनाळच्या वरच्या अंगाला
म्हादई जिथे खडकाला टेकून बसते,
त्या कोंडीत मी एप्रिलमध्ये गळ टाकला.
एप्रिलमध्ये टाकू नये, हे मला ठाऊक होतं.
पाणी कोमट असतं, दमलेलं,
काठावर काजूची बोंडं कुजत असतात
आणि मासा आधीच श्वास पुरवून पुरवून घेत असतो.
पण रजा एप्रिलमध्येच मिळाली होती.

नियम सगळे पाठ.
गळाचा उलटा काटा आदल्या रात्री फोंड्याला
स्वयंपाकघराच्या दिव्याखाली पकडीनं चेपला होता,
देवाची वात वळावी इतक्या निगुतीनं.
दोर जाड घ्यायचा, झुंज लांबू द्यायची नाही.
कल्ल्यात बोट घालायचं नाही.
पाण्याबाहेर धरायचं ते आपला श्वास रोखून,
आपला सुटला की तिलाही पाण्यात सोडायचं.
आणि हात लावण्याआधी
हात ओले करायचे.

बावीस मिनिटं लागली.
खडस. मादी.
रुपयाच्या नाण्याहून मोठे खवले,
कडेनं जुन्या समईचा पिवळेपणा,
आणि तोंड असं, की काही विचारता विचारता थांबलेलं.
कायतान ओरडत होता, "इथं बघ, अरे इथं, ऊन मागे येतंय!"
पहिला फोटो हलला.
दुसऱ्यात माझेच डोळे मिटलेले.
तिसऱ्याच्या वेळी ती निसटायला लागली,
म्हणून मी टॉवेलला हात पुसले
आणि घट्ट धरली.
साडेनऊ किलो.

मग प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरून ठेवली.
कल्ला उघडला. मिटला. बराच वेळ उघडला नाही. उघडला.
शेपटीनं मनगटावर एक फटका मारला आणि गेली.
आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या.
पलीकडे सगुण माजिक बसला होता,
विझलेली विडी कानावर ठेवत म्हणाला,
"खावपाची ना, मागीर आपयली कित्याक?"
खायची नव्हती, तर बोलावलीस कशाला.
मी त्याला अंड्यांचं सांगितलं, पुढच्या पिढीचं,
नदीत खडस उरली पाहिजे, असलं बरंच.
त्यानं ऐकून घेतलं.
पाहुण्याचं ऐकून घ्यायचं असतं.

दुसऱ्या दिवशी सांजेला त्याचा निरोप आला, जेवायला ये.

बंधाऱ्याच्या फळ्यांना अडकली होती, तो म्हणाला,
कुशीवर. एक कल्ला तेवढा हलत होता.
पाठीवर पांढरं पडलेलं, चार बोटं आणि अंगठा.
"तू सोडलीस," तो म्हणाला, "मी सोडवली."

मी पुटपुटलो, पण मी तर नीट सोडून दिली होती.
त्याची बहीण शेवंती,
वीस वर्षांपूर्वी सासरहून एका ट्रंकेसह परत आलेली,
रगड्यावरून मान न उचलता हसली.

सगुणनं ताटाच्या कडेला एक गळ ठेवला.
"हा तुझा?"
माझा नव्हता. याला उलटा काटा होता,
गंजलेला, वर मांस धरलेलं,
जबड्याच्या आत कितीतरी वर्षं.
म्हणजे माझ्याआधीही कुणी तिला सोडली होती,
किंवा नुसता दोर तुटला होता.
मासा हे दोन वेगळं धरत असेल का?

तिरफळं घातलेलं हुमण, उकडा भात.
शेवंतीनं वेगळ्या बशीत गाभोळी वाढली,
कोवळी, अजून पुरती न भरलेली,
पुढची पिढी.
मी खाल्ली.
हुमण दोनदा मागून घेतलं.
चव चांगली होती, हे लपवून उपयोग नाही.

खिशात तिसरा फोटो होता. तो छान आला होता.

जेवण झाल्यावर शेवंतीनं
तांब्यानं हातांवर पाणी घातलं.
ओले हात घेऊन मी अंगणात उभा राहिलो,
धरायला काही नव्हतं.