मूठ

पाचवीच्या पुस्तकात एक जहाज होतं.
आधी बूड दिसेनासं होतं, मग शीड,
म्हणून पृथ्वी गोल.
उईके बाईंनी ते फळ्यावर काढलं.
वर्गातल्या बेचाळीस जणांपैकी
एकानेही समुद्र पाहिला नव्हता.

रविवारी फुटाळ्यावर जाऊन बसले.
पायडलची बदकं पलीकडच्या काठाला लागली,
चोचीपासून बुडापर्यंत अख्खी.
घरी येऊन म्हटलं, पुस्तक खोटं आहे.

बाबा नुकतेच लुधियान्याहून आलेले,
ट्रक वाडीच्या नाक्यावर,
अंगाला डिझेलचा आणि शिळ्या संत्र्यांचा वास.
"तळं हाय ते," म्हणाले, "त्याले कितीक वाकता येते?
चाल वर."

गच्चीवर उत्तरेला तोंड करून
त्यांनी हात ताठ केला, मूठ वळली,
मुठीवर मूठ ठेवली.
ध्रुव वरच्या अंगठ्यावर येऊन टेकला.
"नागपूर, दोन मुठी.
लुधियान्यात तीन.
मदुराईले एकच, तेबी आडवं झाड नसन तं.
अन् इथून दोन्हीकडं डिझेल जवळपास सारखंच जाते.
सपाट रस्त्यावर तारा असा हिशेबात उतरन का?"

मला हिशेब कळला नाही.
एवढंच कळलं की आम्ही झोपल्यावर
हा माणूस कुठेतरी ट्रक थांबवून
घर किती मुठी लांब आहे ते बघतो.

मग मीही हात ताठ केला.
माझी मूठ लहान, पण हातही आखूड,
दोनच भरल्या.
पृथ्वीपेक्षा मला याचंच नवल वाटलं.

त्या मे महिन्याच्या शेवटी, बारा वाजून गेल्यावर,
शाळेच्या मैदानातल्या काठीने
आपली सावली पूर्ण गिळली.
बाई टाळ्या वाजवत होत्या, आम्ही चटके खात होतो.
संध्याकाळी सेलमहून बाबांचा फोन:
"मही सावली दुपारी वीतभर होती.
अन् पाय, दक्षिणेले पडली, उलटी!"
मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
ऑपरेशन दिवाळीनंतर करू म्हणतात,
कोणती दिवाळी ते सांगत नाहीत.

माझी बदली झाली. पहिल्या रात्री
बँकेच्या क्वार्टरच्या गच्चीवर
नारळाच्या दोन झावळ्यांमधून
बराच वेळ शोधून सापडला,
आणि फोन लावला.
"बाबा, एक मूठ."

पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"मंग एकच मूठ दूर हायेस," म्हणाले.
"जेवली का?"