रिकामं वजन

प्राचार्यांची चिठ्ठी आली आहे:
मागच्या आवारातील विमानाचे वजन कळवावे.
भवानी पेठेतला भंगारवाला शुक्रवारी येतोय.

वजन मला पाठ आहे.
लोहगावला एकोणीस वर्षं मी ह्याचं पोट पुसलं.
डाव्या इंजिनाला तेल गाळायची खोड,
खाली डालड्याचा डबा ठेवायचो.
दिघीच्या टेकडीवरून ऊन आलं
की डब्यात काळं आभाळ दिसायचं.

पोरं विचारतात, ससाणेकाका, युद्धात होतं का हे?
होतं की.
बंदूक नाही, बॉम्ब नाही.
अकरा माणसं मावायची,
बाराव्यानं गुडघे पोटाशी घ्यायचे.
ह्यानं वाहिलं टपाल, मीठ, जनरेटरचा पट्टा,
एका मेजरची सतार, तिची वेगळी पावती.
आसामात एकदा बकऱ्या.
मोठे साहेब बसायच्या आदल्या रात्री
मी आत बाटलीभर गुलाबपाणी शिंपडलं,
तर साहेबांना दोन्ही वास आले.

लॉगबुकात वीरश्री नसते.
तारीख, तास, मिनिटं, सही.

डिसेंबर एकाहत्तर:
पुणे ते जोधपूर. सामान संकीर्ण. एकशे चाळीस किलो.

संकीर्ण म्हणजे रक्त.
वानवडीहून आलेली लाकडी खोकी,
बर्फ, भुसा, काचेच्या बाटल्या.
सगळीकडे दिवे घालवलेले.
मी चाचपत पट्टे आवळत होतो
आणि दंडावरचा कापूस अजून ओला होता,
सकाळच्या रांगेत मीही होतो ना.
माझी बाटली कुठली, कळायला मार्ग नव्हता.
मग सगळीच खोकी
झोपलेलं पोर ठेवावं तशी ठेवली.

ह्यातून मी कधी उडालो नाही.
आम्ही जमिनीवरची माणसं.
पण साडेतीनशे मिली ससाणे
त्या रात्री जोधपूरला उतरले.
पुढं कुणात गेले, देव जाणे.
असेल एखादा मिशाळ म्हातारा तिकडं वाळूत,
अधूनमधून उगाच
सुक्या बोंबलाची आठवण येणारा.

तर, प्राचार्यसाहेब,
रिकामं वजन दोन हजार सहाशे अडुसष्ट किलो.
त्यातून दोन्ही इंजिनं वजा, अठ्ठ्याऐंशी साली काढली.
खुर्च्या वजा.
कबुतरांचं घरटं धरायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.
पोटाखाली चौदा रिव्हेटांचं एक ठिगळ आहे,
ते माझ्या हातचं.
उरलेला आकडा काट्यावर बघून घ्यावा.

शुक्रवारी मला रजा हवी आहे.