काटकोन

चाळीस वर्षं माझी अक्कल गुडघ्यातच होती.
पोर्तोतल्या किती न्हाणीघरांत, किती जिन्यांवर
मी गुडघे टेकून लाद्या बसवल्या,
हार मानून नव्हे, पोटासाठी.
आता उजवा गुडघा काढून
तिथे धातूचा बसवलाय.
बसवताना मी पाहिलं नाही. कारागीर बरा असावा.

भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर
माझं नाव, बेल्मिरो. खाली तीन नावं,
दर पाळीला पुसून नवी.
ग्रासिएते रात्रीची. विचारते, दहापैकी किती दुखतंय?
मी म्हणतो, तीन.
ती लिहिते, सहा.

सकाळी सातला पाळी बदलते तेव्हा
मी डोळे मिटून पडून राहतो
आणि माझीच गोष्ट ऐकतो:
पट्टी कोरडी. पोटरी मऊ.
दोनदा उठला, बेल न वाजवता.
बायको गेल्यापासून रेडिओशिवाय झोप येत नाही, बंद करू नका.

हे मी फक्त झुल्मिराला सांगितलं होतं,
ती खाटेखालची फरशी पुसत असताना.
तिने कुणाच्या तरी हाती दिलं, त्याने पुढे,
वीट जाते तशी, वरच्या मजल्यावर.

नुनो कोनमापक लावतो. एकाहत्तर.
दुसऱ्या दिवशी अठ्ठ्याहत्तर.
नव्वद झाले की घरी, म्हणतो.
पोरा, नव्वद मला शिकवतोस?
नुसत्या नजरेने ओळखतो मी काटकोन.
पाय ओळखत नाही.
पाय थरथरतो, मानेवर घाम येतो,
आणि तोंडून जे निघतं ते
नुनो कागदावर लिहीत नाही.

वॉकर घेऊन चौदा पावलं. मग बावीस.
खिडकीपाशी एक लादी पोकळ वाजली.
थांबलो. वॉकरच्या पायाने पुन्हा ठोकली.
चक्कर येतेय का? तिघं धावली.
नाही हो. हिच्याखाली माल कमी पडलाय.
संध्याकाळी फळ्यावर, माझ्या गोळ्यांच्या वेळांखाली,
कुणीतरी लिहून ठेवलं:
खिडकीजवळची लादी, दुरुस्तीला कळवलं.

आज एक्क्याण्णव. आज घरी.
डॉक्टर म्हणाले, यापुढे गुडघ्यांवर बसायचं नाही.
मी मान हलवली.
हात चादरीची कड सरळ करत राहिले.

मग झुल्मिरा माझ्यासमोर गुडघे टेकून बसली,
मोजा चढवायला,
आणि तिचा डावा गुडघा कटकन वाजला.
तो आवाज माझ्या ओळखीचा.
खाली काहीतरी घेत जा, म्हटलं,
पोतं, जुनी उशी, काहीही.
ती हसली,
मोज्याची सुरकुती टाचेपासून वर काढत.