वजा केलेला समुद्र

हलू नका, असं आम्ही वीस वर्षं सांगत आलो.
पुतळ्यासारखं पडून राहा. गिळायचं टाळा.
आणि माणसं बिचारी
श्वाससुद्धा चोरून घ्यायची,
त्या चुंबकाचं देणं लागत असल्यासारखी.

तरी चित्रं फिसकटायचीच.
मेंदूच्या कडेबाहेर मेंदूच्याच कडा,
पाण्यात खडा पडल्यावर उठतात तशा,
आणि अहवालात एक ओळ: रुग्ण हलला.
कुणाचा दोष ते न सांगता
सांगून टाकणारी ओळ.

आता कॅमेरा आहे.
नळीच्या छताला, अंगठ्याएवढा.
चेहरा त्याला दिसत नाही. दिसतो फक्त
बुद्धिबळाच्या पटातून कातरल्यासारखा
काळ्यापांढऱ्या चौकटींचा तुकडा.
सेकंदाला साठ वेळा तो सहा आकडे सांगतो,
किती सरकलं, किती कललं,
आणि यंत्र तेवढंच सरकून घेतं, तेवढंच कलतं.

पहिल्यांदा तो तुकडा कपाळावर चिकटवला.
फसलो.
कपाळाला आठी पडली
की यंत्राला वाटे, कवटीच हलली;
एका बाईला आत गेल्यावर
चालू राहिलेली इस्त्री आठवली
तर तिचा अख्खा मेंदू दोन मिलिमीटर वर.
काळजी कातडीत असते, हाडात नाही,
एवढं कळायला तुर्कूतला आख्खा हिवाळा गेला.
आता दातांचा साचा घेतो.
वरचे दात आणि कवटी, दोघांचं एकच मत असतं.

आज कोर्पो बेटावरून एवाल्ड स्योडरहोल्म आले.
दोन फेरीबोटी, मधे बस. वय एक्क्याऐंशी.
उजवा हात कोटाच्या खिशात, तिथेही थरथरत.
टोपी काढून म्हणाले,
मागच्या वेळी मी सगळं बिघडवलं.
सैमीने त्यांना त्यांच्या स्वीडिशमध्ये सांगितलं:
हला हवं तेवढं, आम्ही मागोमाग येतो.
त्यांना काही पटलं नाही.
साचा दातांत धरून
ते आत गेले, मुठी आवळून.

पडद्यावर रेघ सुरू झाली.
वर हाताच्या कंपाची बारीक करवत,
ती अपेक्षितच होती.
पण तिच्या पोटात एक संथ लाट,
दर सात सेकंदांनी
डावीकडे, मग उजवीकडे, तांदळाच्या दाण्याएवढी.
श्वास नाही; श्वास वेगळा दिसत होता.
मला वाटलं, पलंगाचा खिळा सैल आहे.
ते बाहेर आल्यावर त्यांच्या जागी
पाण्याची बाटली झोपवली, तेच ठोके वाजवले.
बाटली सरळ रेघ देऊन गप्प राहिली.

मग कॉफी देताना विचारलंच.
स्योडरहोल्म आधी ओशाळले.
म्हणाले, तुमचं यंत्र ठोकतं ना,
आमच्या पायलट बोटीचं इंजिन अस्सं ठोकायचं.
चौतीस वर्षं जहाजांना वाट दाखवली, खडकांमधून.
मी पडून होतो हो निमूट.
पाठीला काय कळतंय,
ती आपली तोल सांभाळत बसली असेल.

चित्र स्वच्छ आलं आहे.
मेंदूच्या तळाशी हरभऱ्याच्या डाळीएवढा गडद भाग,
त्याची कड इतकी नीट मी क्वचित पाहिली.
ती कड काय सांगते ते डॉक्टर गुरुवारी सांगतील,
माझं काम कड दाखवण्यापुरतं.

वजा केलेलं मात्र दुसऱ्या फाइलमध्ये आहे.
सव्वीस मिनिटं, सहा रांगा, नुसते आकडे,
आणि त्यांत ती लाट, एकदाही न चुकलेली.
महिन्याने अशा फाइली पुसायच्या असा नियम आहे,
जागा लागते.

तीन वाजले आणि बाहेर अंधारलं.
त्यांची बस चारची. टोपी विसरले होते,
सैमी जिन्यापर्यंत धावत गेली.
परत येऊन धापा टाकत तिने अर्ज उघडला.
तिथे दोनच चौकोन: हलला, नाही हलला.
काय लिहू, तिने विचारलं.

मी म्हटलं, राहू दे कोरं.
आणि ती दुसरी फाइल आहे ना,
तिला आज हात लावू नकोस.